सहावा रकाना

सोन-कूलच्या काठावर, तीन हजार मीटर उंचीवर,
जूनमध्येही पहाटे बादलीतल्या पाण्यावर
बर्फाची साय धरते.
आमची बालवाडी म्हणजे एक युर्ता, नमद्याचा गोल तंबू,
मधोमध शेगडी, शेगडीभोवती अकरा मुलं,
उन्हाळा सरला की मेंढ्यांबरोबर खाली उतरणारी.

नारीनहून निघताना मला छापील तक्ते दिले,
प्रत्येक मुलामागे एक. वयोगट चार ते पाच.
जमलं तर खूण, नाहीतर रिकामं.
शेऱ्याला जागा दीड ओळ.

एका पायावर पाच सेकंद उभा राहतो.
एल्दियारला म्हटलं, राहा बघू.
तो बघत राहिला, मी खुळी असल्यासारखा.
दुपारी बुटात खडा गेला तेव्हा
कशाला न टेकता उभा राहिला एका पायावर,
बूट झटकला, आत डोकावला, पुन्हा झटकला.
मी मोजायचंच विसरले.

रंग ओळखतो, निदान चार.
पिवळं कार्ड दाखवलं तर म्हणाला,
हा मीरगुलच्या शिंगराचा रंग,
पण ते आजारी होतं तेव्हाचा.

कात्रीनं सरळ रेषेत कापतो.
इथं कात्री एकच, लोकर कातरायची.
ती मी त्याच्या हातात देणार नाही,
मंत्रालय काहीही म्हणो.

वस्तू वाटून घेतो.
वाटून नाही घेत, देऊनच टाकतो.
लाकडी गाडी बेकसुल्तानला दिली ती दिलीच,
मग दिवसभर एका हाडाला दोरी बांधून ओढत होता.
याला खूण कुठली, ते तक्त्यात नाही.

दहापर्यंत मोजतो.
सातपर्यंत.
मेंढ्या असोत, वाट्या असोत, शेगडीतल्या गोवऱ्या असोत,
सात, आणि ओठ मिटून घेतो.
आठ! बाकीची मुलं ओरडतात, आठ, आठ!
तो दाराबाहेर बघतो.
मला वाटलं, आठवत नसेल.

आणि मग सहावा रकाना:
आईपासून दूर होताना रडत नाही.

नाही रडत.
सकाळी आजोबा त्याला घोड्यावरून उतरवतात
पिठाच्या पोत्यासारखं, आणि वळून जातात.
गुलबारा गेल्या ऑक्टोबरपासून मॉस्कोत,
कुठल्याशा मॉलच्या फरशा पुसते.
बाकीच्या दहाजणांनी पहिला आठवडा गळे काढले,
मीरगुलनं तर नाकही माझ्याच झग्याला पुसलं.
हा तेवढा शहाणा.
तक्त्याप्रमाणे सगळ्यांच्या पुढे.

शुक्रवारी पलीकडच्या टेकडीवर गेलो, तिथं रेंज येते.
सापारबेक आजोबा फोन धरून उभे,
हात उंच, ससाणा सोडावा तसा.
मी सहज विचारलं, सातच का हो?
ते म्हणाले, सातपर्यंत शिकवून झालं होतं तिचं,
तेवढ्यात टॅक्सी आली.
पुढचं कुणाकडून घेत नाही तो.

फोनमधून तुटक तुटक गुलबारा:
जेवतोस ना... दात पडला का... मोजून दाखव...
त्यानं मोजलं. सातवर थांबला.
शाबास, ती म्हणाली. तिला काय माहीत.
मी वाकून फोनमध्ये ओरडले,
अगं, पुढचा आकडा तू सांग!

नुसता वारा. किती वेळ नुसता वारा.
मग ती म्हणाली, आठ.
तो म्हणाला, आठ.
नऊ आलं नाही. रेंज गेली.

उतरताना तो घोड्यावर माझ्या पुढ्यात होता.
अर्ध्या उतारावर त्याची पाठ हलायला लागली,
आधी मला वाटलं, घोडाच अडखळतोय.
मग आवाज फुटला.
तळ्यापर्यंत रडला, तळ्याच्या कडेनं रडला,
युर्त्याच्या दाराशी आजोबांनी उतरवून घेतला तरी रडतच.
मी गप्प करायला गेले नाही.

रात्री बॅटरीच्या उजेडात तक्ता काढला.
सहाव्या रकान्यात पूर्वी केलेली खूण होती,
ती खोडली. कागद तिथं थोडा फाटला.
शेऱ्यात लिहिलं:
आठपर्यंत मोजतो. रडू लागला आहे.
अर्धी ओळ उरली.
ऑगस्टमध्ये तपासनीस येतील, विचारतील,
यातली प्रगती नेमकी कुठली.